एकच शीट हाय

भाऊंच्या मते या जगात ‘भरलेली’ अशी वस्तूच नव्हती. डबा असो, कपाट असो, पोट असो की कंप्युटर, त्यात अजून एकाची जागा असतेच, फक्त आधीच्यांनी थोडं सरकून घ्यायला हवं. हे तत्त्वज्ञान त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांनी बरीच वर्षं मंचर ते भीमाशंकर वडाप चालवलं होतं, म्हणजे रस्त्यात हात करील त्याला उचलणारी जीप. तिच्यात किती माणसं बसावीत याबद्दल जीप बनवणाऱ्या कंपनीचं काही एक म्हणणं होतं. कंपनीला काय कळतंय, असं भाऊंचं म्हणणं होतं.

पुढे पाठ धरली म्हणून त्यांनी वडाप सोडलं आणि कळंबला हायवेच्या कडेला फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचं दुकान टाकलं. जीप मात्र विकली नाही. ती दुकानामागे चिंचेखाली उभी असायची आणि लग्नसराईत लाइटं, स्टँड वगैरे वाहायची. मी त्या दुकानात कंप्युटरवर व्हिडिओ जोडायच्या कामाला लागले. माझा कोर्स नुकताच झाला होता, सर्टिफिकेट लॅमिनेट करून झालं होतं आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पहिल्याच दिवशी भाऊंनी कंप्युटरभोवती एक चक्कर मारून मला विचारलं, “ताई, याला गिअर कुठं असतो?”

“कंप्युटरला गिअर नसतो, भाऊ.”

“मंग चढाला काय करतो?”

याचं उत्तर कोर्समध्ये नव्हतं.

भाऊ खुर्चीवर बसायचे ते अर्ध्याच. वडापच्या गर्दीत ड्रायव्हरच्या सीटवरही एक-दोन जण कोंबलेले असत, त्यामुळे इतकी वर्षं त्यांनी एक मांडी दाराबाहेर ठेवूनच गाडी हाकली होती. ती सवय हाडात गेली होती. दुकानात बसले तरी खुर्चीचा डावा भाग कुणातरी अदृश्य पॅसेंजरला मोकळा. फोटो काढतानाही त्यांचं तेच. नवरा-नवरी स्टेजवर एकटे उभे राहिले की यांना करमायचं नाही. “या, या, सरकून घ्या, एकच शीट हाय,” असं म्हणत (वडापवाल्यांच्या भाषेत माणूस म्हणजे शीट) ते आणखी आठ-दहा पाहुणे त्या चौकटीत घुसवायचे. त्यांच्या अल्बममध्ये एकट्या माणसाचा फोटो शोधून सापडायचा नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना ते कंप्युटरच्या डब्यावर दोनदा थाप मारायचे, जीपच्या पत्र्यावर मारतात तशी, आणि म्हणायचे, “चला, जाऊंद्या.” मग मी तो बंद करायचे.

नमुना म्हणून ते गिऱ्हाइकाला स्वतःच्याच लग्नाची फिल्म दाखवायचे. कुणी लग्नाची ऑर्डर द्यायला आला की त्याला बाहेरच्या सोफ्यावर बसवायचं, चहा सांगायचा आणि फिल्म लावायची. कॅसेटवरची फिल्म होती ती. कॅसेटला बुरशी लागायला लागली म्हणून त्यांनी ती कधीतरी कंप्युटरमध्ये उतरवून घेतली होती आणि कॅसेट पुढे वायाच गेली. त्या फिल्ममध्ये मंगलाष्टका, जेवणावळ वगैरे सगळं रीतसर होतं, पण भाऊंचा आवडता भाग होता वरातीचा. वहिनींचं, म्हणजे भाऊंच्या बायकोचं, माहेर डिंभ्याकडचं. लग्न लावून भाऊ स्वतःच्याच जीपमधून नवरीला घेऊन निघाले होते, शूटिंगवालाही आतच होता. घोडेगावच्या स्टँडवर नेहमीची माणसं उभी दिसली आणि भाऊंना राहवलं नाही. तर फिल्ममध्ये असं दिसायचं, की डोक्याला मुंडावळ्या बांधलेला नवरदेव ड्रायव्हरच्या सीटवरून अर्धा बाहेर लोंबतोय आणि “मंचर, मंचर, मंचर!” असं ओरडतोय. एका म्हातारबाबांना गाडी लागायची म्हणून नवरीची पुढची जागा त्यांना दिली होती. नवरी मागे, दोन अनोळखी बायांच्या मध्ये, पायाशी बटाट्याची गोणी, आणि मळवट भरलेलं कपाळ दर खड्ड्याला टपाला आपटतंय. गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. “बघा, किती जिवंत शूटिंग हाय,” भाऊ म्हणायचे. डबा घेऊन आलेल्या वहिनी तिथेच असल्या तर डबा ठेवून आल्या पावली परत जायच्या. त्या का जातात हे विचारणं भाऊंना कधी सुचलं नाही, आणि मलाही नाही.

आता हार्ड डिस्ककडे येते. ती माझ्या आधीपासूनच गळ्यापर्यंत आलेली होती आणि जागेची ती निळी पट्टी लाल होऊन बसली होती. मी भाऊंना लाल पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती पाहिली आणि म्हणाले, “अजून तेवढी फट दिसतीय की पांढरी.”

त्यांनी आपल्या परीने उपाय सुचवले. पहिला म्हणजे व्हिडिओंचा आवाज कमी करायचा. डीजेच्या वराती जड असणारच, आवाज उतरवला की हलक्या होतील. दुसरा उपाय, स्क्रीनवरची चित्रं एकमेकांना चिकटवून ठेवायची. एका दुपारी मी जेवून आले तर त्यांनी माऊस धरून सगळे आयकॉन एका कोपऱ्यात पंगतीसारखे दाटीवाटीने बसवले होते आणि उरलेल्या निळ्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणत होते, “ही बघ, किती जागा निघाली!” नवीन डिस्क आणू म्हटलं तर वडापच्या स्टँडवरचा नियम पुढे यायचा. पहिली गाडी भरून सुटल्याशिवाय दुसरी लावायची नाही. आणि पहिली भरलीय हे तर त्यांना मान्यच नव्हतं.

पुसायचं नाव काढलं की माणूस हळवा व्हायचा. त्या डिस्कवर काय नव्हतं! लेन्सचं झाकण न काढता केलेलं अर्ध्या तासाचं शूटिंग होतं. मांडवातल्या नुसत्या पायांचे फोटो होते, कारण एकदा कॅमेरा गळ्यात लोंबत असताना बटण दाबलं गेलं होतं.

“भाऊ, हे पाय तरी काढून टाकू.”

“कुणाचं तरी हायेत ना ते? उद्या माणूस आला विचारत, तर?”

“पाय विचारत कोण येतंय?”

“तू अजून लहान हाईस ताई. लई परकारची मान्सं असत्यात.”

एकदा मी फारच चिडले तेव्हा त्यांनी एक तोड काढली. पुसायचं, पण ज्याचं आहे त्याची परवानगी घेऊन. त्यांनी एका कुटुंबाला फोन लावला, की तुमच्या पोराच्या बारशाचं शूटिंग आता काढतोय, शेवटचं बघून घ्यायचं असेल तर या. ते लोक दुसऱ्या दिवशी खरंच आले. आजी, आत्या, मामा, आणि ज्याचं बारसं होतं तो मिसरूड फुटलेला पोरगाही. सगळ्यांनी शूटिंग पाहिलं, आजी रडली, चहा झाला. पुसायला कुणी तयार होईना. उलट आलोच आहोत तर कंप्युटरबरोबर एक फोटो काढा म्हणाले. भाऊंनी चौदा काढले. ते ठेवायलाही जागा मलाच करावी लागली.

यावरून कुणाला वाटेल की त्या दुकानात कधी काही पुसलंच गेलं नाही. तसं नाही. क्वचित भाऊ तयार व्हायचे, पण मग रीतीने. पुसलेली फाइल कचऱ्याच्या डब्यात जाते, रिसायकल बिनमध्ये, हे मी त्यांना एकदा सांगून बसले होते. तेव्हापासून त्यांचा दंडक असा, की डबा लगेच रिकामा करायचा नाही. दहाव्यापर्यंत थांबायचं. डब्यात काही असलं की भाऊ त्या दिवसांत कंप्युटरला उदबत्ती लावायचे नाहीत. सुतक. मी कितीदा सांगितलं की डब्यातल्या फाइलीसुद्धा जागा अडवतातच, ती सुटत नाही. ते म्हणायचे, “सुटंल कशी? आत्मा घुटमळत असतोय.”

अशा या दुकानात एक दिवस पिंपळवंडीचे तात्या आले. तात्या म्हणजे बैलगाडा शर्यतीचे नादी. त्यांचा चिंग्या नावाचा बैल आमच्या आणि शेजारच्या तालुक्यातल्या घाटांत, म्हणजे शर्यतीच्या चढांवर, पळायचा, आणि गेल्या यात्रेत तो ज्या गाड्याला जुंपला होता तो घाटाचा राजा ठरला होता. ती शर्यत भाऊंनीच शूट केली होती. तात्या दारात उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, “भाऊ, चिंग्या गेला.”

भाऊ अर्ध्या खुर्चीवरून उठले.

तात्यांनी बैलाचा दशक्रियाविधी ठेवला होता. आमच्याकडे नावाजलेल्या बैलाचा दहावा घालतात, प्रवचन ठेवतात, फ्लेक्स लागतात, त्यात नवल नाही. तात्यांना मात्र आणखी एक हवं होतं. मंडपात मोठा एलईडी पडदा लावायचा आणि त्यावर चिंग्याची ती शेवटची शर्यत सगळ्या पाहुण्यांना दाखवायची. “त्याला एकदा पळताना बघायचंय,” ते म्हणाले. “घरात गोठ्याकडं बघवत न्हाई. तोंडात घास जात न्हाई.” त्यांच्या पोटात चार-पाच दिवस चहाशिवाय काही नव्हतं, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं.

शर्यतीचं शूटिंग चार कॅमेऱ्यांचं, तुकड्यातुकड्यांत होतं. ते जोडून एक फिल्म करायला डिस्कवर मोकळी जागा पाहिजे होती, आणि जागा म्हणजे पट्टीवरची ती पांढरी फट. मी फिल्म जोडली, बनवायला लावली आणि ती अर्ध्यावर थांबली. पुन्हा लावली, पुन्हा थांबली. असं करता करता दहाव्याची आदली दुपार आली. त्यात नवी डिस्क आणावी तर मंचरचं कंप्युटरचं दुकान त्या दिवशी नेमकं बंद. तात्या सकाळपासून आमच्याकडेच स्टुलावर बसून होते, मांडीवर चिंग्याच्या गळ्यातली घंटा घेऊन. मी दरवेळी ‘थांबलं’ म्हटलं की ती हलायची.

शेवटी मी खुर्ची वळवली आणि म्हटलं, “भाऊ, आता पाय आणि झाकण पुसून भागणार नाही. एक मोठी फाइल जायला पाहिजे. सगळ्यात मोठी कुठली आहे ते तुम्हाला माहीत आहे.”

सगळ्यात मोठी फाइल होती भाऊंचं लग्न. कॅसेटवरून उतरवताना ती अवाढव्य झाली होती. रूप बदलून ती लहान करता आली असती, पण लहान करायलाही आधी जागाच लागते. भाऊ माझ्याकडे बघत राहिले, मग तात्यांच्या मांडीवरच्या घंटेकडे. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली. डोळे पुसून ते म्हणाले, “दाब.”

मी दाबलं. पडद्यावर पाटी आली, की फाइल दुसरीकडे उघडी असल्यामुळे पुसता येत नाही. मी सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा दाबलं. तीच पाटी. कंप्युटर बंद करून चालू करू म्हटलं तर भाऊ आडवे आले. इतकी भरलेली गाडी एकदा बंद पडली तर धक्का कोण मारणार?

तेवढ्यात तात्या स्टुलावरून बोलले, “भाऊ, हे कावळा न शिवण्यासारखं झालं.”

“व्हय की,” भाऊ म्हणाले.

“त्याची काय तरी इच्छा ऱ्हायलीय.”

“लग्नाची?”

“आठवा की. बोला तोंडानं. बोलल्याशिवाय शिवत न्हाई.”

भाऊंनी चपला काढल्या आणि मॉनिटरसमोर हात जोडले. मी कोर्समध्ये पहिली आले होते, आणि मी माऊसवर बोट ठेवून थांबले होते. “लग्नात मामाचा मान ऱ्हायला व्हता,” भाऊ म्हणाले. “टोपी दिली, टावेल इसरलो. मामाला टावेल दीन.” त्यांनी मला खूण केली. मी दाबलं. पाटी.

“आत्या रुसून जेवायची ऱ्हायली व्हती. आत्याला बोलवून पुरणपोळी घालीन.” पाटी.

“बेंजोवाल्यांना जेवणात गुलाबजाम कमी पडलं व्हतं, त्यांना…”

“बेंजोवाले आता कुठं गावायचे?” तात्या म्हणाले. “जवळचं आठवा. लई जवळचं कुणी नाराज व्हतं का?”

भाऊ आठवत राहिले. सासऱ्यांची घड्याळाची गोष्ट निघाली, करवलीच्या हरवलेल्या चपलेची निघाली. मी दाबतच होते आणि पाटी येतच होती. तेव्हा आमच्या आणि बाहेरच्या सोफ्याच्या मध्ये जी प्लायवूडची भिंत होती, तिच्यापलीकडून आवाज आला, “तिला पुढं बसवा म्हनावं.”

वहिनींचा आवाज होता. आम्ही तिघं भिंतीला वळसा घालून बाहेर गेलो. गिऱ्हाइकांना अल्बम दाखवायला तिथे एक जुना कंप्युटर होता, आतल्याला वायरीने जोडलेला; त्याच्या स्वतःच्या डिस्कवर एक अल्बमही मावत नसे. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, भाऊ आत लग्न पुसायला निघालेत हे त्यांनी ऐकलं होतं आणि शेवटचं म्हणून फिल्म लावून बसल्या होत्या, आवाज बंद करून. पडद्यावर मुंडावळ्यांतले भाऊ तोंड उघडून ओरडत होते आणि मागे नवरीचं कपाळ टपाला आपटत होतं. फाइल उघडी होती ती इथे.

“सगळ्या तालुक्यानं मला या गोणीशेजारी बघितलं,” वहिनी म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या, म्हणून जास्त लागत होतं. “लोक हसत्यात, तुमी बी हसता. मला त्या दिशी पुढं बसायचं व्हतं. नवी नवरी व्हते मी. एवढी वर्सं झाली, त्या जीपमदी मी कवा पुढं बसले? कवा बी कुणाला तरी गाडी लागतीया.”

भाऊंचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, “बोल. काय करू?”

“भीमाशंकरला जायचं. मी पुढं. मागं कुनी न्हाई.”

“कुनीच न्हाई?”

“एक बी शीट न्हाई.”

भाऊंनी डोळे मिटले. बोलणं भागच होतं. “एक बी शीट न्हाई,” ते म्हणाले.

वहिनींनी फिल्मची खिडकी बंद केली, पदर खोचला, आत येऊन मला खुर्चीवरून उठवलं आणि कुठलं बटण ते विचारलं. त्यांनी एकदाच दाबलं. पाटी आली नाही. तात्यांनी घंटा कपाळाला लावली.

“पर त्याची फिल्म पुन्ना मिळायची न्हाई गं,” भाऊ अगदी कळवळून म्हणाले.

“मला कशाला पायजे फिल्म? मी व्हते की तिथं.”

मग प्रश्न आला कचऱ्याच्या डब्याचा. भाऊ चाचरत म्हणाले की दहाव्यापर्यंत थांबायची रीत आहे. “कसलं सुतक?” वहिनी म्हणाल्या. “नवरा जित्ता, नवरी जित्ती.” आणि त्यांनी डबाही रिकामा केला. लाल पट्टी मागे सरकत गेली आणि निळी झाली. मी त्या दुकानात पहिल्यांदाच ती निळी पाहिली. संध्याकाळच्या आत चिंग्याची फिल्म बनून तयार झाली.

दुसऱ्या दिवशी पिंपळवंडीला मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे भाऊ खूश होते. पिंड ठेवला होता. कावळे बाभळीवर बसून होते आणि एकही खाली येत नव्हता. मागे राहिलेल्या वासराला सांभाळू, गोठा रिकामा ठेवणार नाही, सगळं बोलून झालं. मग भाऊंनी फिल्म लावली. त्या भल्या मोठ्या पडद्यावर चिंग्या घाट चढत आला, शेपूट वर, माती उडवत. तात्या शोक विसरून मंडपात उभे राहिले आणि “उचल की ली, उचल की ली!” असे शर्यतीत ओरडतात तसे ओरडत सुटले. बैल घाट चढून वर गेला, फिल्म संपली, पडदा काळा झाला आणि एक कावळा उतरून पिंडाला शिवला. भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ताई, चिंग्यानं बी फिल्म कुठंतरी उघडून ठेवली व्हती बघ.” तात्या त्या दिवशी पोटभर जेवले. मी स्वतः वाढत होते, म्हणून सांगते.

त्यानंतरच्या सोमवारी दुकान बंद होतं. मंगळवारी सकाळी भाऊंनी माझ्या पुढ्यात कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड ठेवलं. त्यांनी डॅशबोर्डवर कॅमेरा बांधून, कळंबपासून भीमाशंकरपर्यंत आणि परत, पुढच्या सीटचं शूटिंग केलं होतं. चौकटीत वहिनी एकट्या. भाऊंनी उभ्या जन्मात एकट्या माणसाचं केलेलं हे पहिलंच शूटिंग. वहिनी हिरवी साडी नेसून, खिडकीवर कोपर टेकवून बसल्या होत्या आणि त्यांच्यामागे सगळा रस्ता सरकत होता. मंचर गेलं, घोडेगाव आलं. स्टँडवर माणसं उभी होती आणि ओळखीची जीप बघून हात करत होती. भाऊ दिसत नव्हते, फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“आगं, चार शीटं हायेत.”

“पुढं बघा.”

“ती सरपंचांची आई हाय! उनात उभी हाय म्हातारी.”

“एष्टी येतीया मागनं.”

मग नुसता इंजिनचा आवाज, आणि बऱ्याच वेळाने, डिंभ्याच्या पुढे, वहिनींनी मागे वळून त्या रिकाम्या जीपकडे पाहिलं आणि त्या हसल्या. मी ते थांबवून पुन्हा पाहिलं.

कार्डावरचं सगळं डिस्कवर घ्यायचं होतं. भाऊंची अट अशी, की त्यातला एक सेकंदही कापायचा नाही. मी पट्टी पाहिली. चिंग्या, त्याच्या दहाव्याचं शूटिंग, मधली दोन लग्नं, लाल पट्टी परत आपल्या जागी येऊन बसली होती. मी म्हटलं, “भाऊ, जागा नाही हो.”

भाऊ अर्ध्या खुर्चीवर बसले होते, नेहमीसारखे. माझ्यापुढे वाकून त्यांनी ती लाल पट्टी नीट पाहिली.

“सरकव की जरा,” ते म्हणाले. “एकच शीट हाय.”